रोझेचा शब्दखजिना

१८०५ साल. गिरण्यांच्या धुराने काळवंडत चाललेल्या मँचेस्टरमध्ये पीटर मार्क रोझे नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर गावच्या इस्पितळात रोगी तपासत होता आणि उरलेल्या वेळात शरीरशास्त्रावर व्याख्याने देत होता. त्या धबडग्यातच त्याने एक वही पुरी केली. तिच्यात सुमारे १५,००० इंग्रजी शब्द होते, पण त्यांचा क्रम वर्णमालेचा नव्हता. एका अर्थाचे शब्द एका जागी, त्यांच्या शेजारी जवळच्या अर्थाचे, समोर उलट अर्थाचे. लिहिताना शब्द अडला की तो ही वही उघडी. ती छापावी असे काही त्याच्या मनात नव्हते. पुढची सत्तेचाळीस वर्षे वही त्याच्यापाशीच राहिली. १८५२ मध्ये तिचे पुस्तक होऊन बाहेर आले, तेव्हा रोझे त्र्याहत्तर वर्षांचा होता. हाच तो रोझेचा थिसॉरस.

नेहमीच्या शब्दाला दुसरा शब्द हवा असला की कुठे पाहायचे, हे इंग्रजी लिहिणाऱ्यांना या पुस्तकाने शिकवले. पण ज्या कामासाठी रोझेने ते रचले, ते काम बाजूला पडले आणि लोकांनी त्याच्याकडून निराळेच काम करून घेतले, असे माझे मत आहे. ते कसे घडले हे समजायला आधी माणूस पाहावा लागतो.

रोझेचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजी लंडनच्या सोहो भागात झाला. वडील जाँ रोझे हे मूळचे जिनिव्हाचे, सोहोतल्या फ्रेंच प्रोटेस्टंट चर्चचे पाळक. त्यांना क्षय झाला आणि १७८३ मध्ये, मुलगा चार वर्षांचा असताना, ते गेले. आई कॅथरीन ही रोमिली घराण्यातली. तिची आई मनाच्या आजाराने खचलेली होती, आणि पुढे कॅथरीनच्याही मनाचा तोल ढळत गेला. विधवा झाल्यावर ती मुलांना घेऊन या गावाहून त्या गावी बिऱ्हाड हलवत राहिली. अशा घरात हा मुलगा आठव्या वर्षी वहीत लॅटिन शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ विषयवार मांडू लागला. शरीराचे अवयव एका ठिकाणी, जनावरे दुसऱ्या ठिकाणी. विस्कटलेल्या घरात त्याला याद्यांमध्ये आसरा मिळाला, असे त्याचे चरित्रकार म्हणतात. ते खरे असेलही. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले सारे शास्त्रच वर्गवारीच्या मागे लागले होते हेही विसरू नये. लिनियसने झाडे आणि प्राणी कुळांत बसवले, त्याच वाऱ्यात हा मुलगा वाढला.

चौदाव्या वर्षी एडिंबरा विद्यापीठात प्रवेश आणि एकोणिसाव्या वर्षी, १७९८ मध्ये, वैद्यकाची पदवी. मग ब्रिस्टलला डॉ. टॉमस बेडोज यांच्या संस्थेत, जिथे वायू हुंगवून रोग बरे करण्याचे प्रयोग चालत. तरुण हंफ्री डेव्ही तिथे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, लोकांना देत होता. कवी, लेखक ज्याने हुरळून गेले तो वायू रोझेनेही हुंगला. त्याला मुळीच आनंद झाला नाही. आपले विचार हातातून निसटताहेत, या जाणिवेने तो बेचैन झाला. डेव्हीच्या १८०० सालच्या पुस्तकात रोझेचा हा अनुभव छापलेला आहे.

१८०२ मध्ये इंग्लंड-फ्रान्समध्ये तह झाला आणि मँचेस्टरच्या जॉन फिलिप्स या कापड व्यापाऱ्याने आपल्या दोन मुलांना युरोप दाखवून आणण्याचे काम रोझेवर सोपवले. पॅरिस पाहून मंडळी जिनिव्हाला पोचली. १८०३ च्या मे महिन्यात तह मोडला आणि फ्रान्सच्या हद्दीत असलेल्या सगळ्या प्रौढ इंग्रज पुरुषांना अटकेत ठेवण्याचा हुकूम नेपोलियनने सोडला. जिनिव्हा तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होते. रोझेने धावपळ करून वडिलांच्या जन्माचा दाखला मिळवला आणि आपण जिनिव्हाचेच नागरिक आहोत हे अधिकाऱ्यांना पटवले. मग मुलांना घेऊन, इंग्रजी न बोलता, आडवाटांनी त्याने जर्मन मुलूख गाठला. त्याच्या ओळखीतला लॉव्हेल एजवर्थ हा तरुण मात्र सापडला आणि १८१४ पर्यंत कैदेत राहिला. या सुटकेनंतर दोनच वर्षांनी मँचेस्टरची ती वही पुरी झाली.

१८०८ पासून रोझे लंडनला. एका धर्मार्थ दवाखान्यात त्याने अठरा वर्षे रोगी तपासले. घात आणि मुळे काढता येतील अशी मोजपट्टी, म्हणजे लॉग-लॉग स्लाइड रूल, त्याने बनवली आणि त्यावरून १८१५ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. १८२४ च्या डिसेंबरात त्याने सोसायटीपुढे एक छोटा निबंध वाचला. उभ्या फटींतून पाहिले तर धावत्या गाडीच्या चाकाचे आरे वाकलेले दिसतात, ते का? दिसलेली प्रतिमा डोळ्यात क्षणभर टिकून राहते, हे त्याचे उत्तर. चित्रे हलती दाखवणारी खेळणी बनवणाऱ्यांनी या निबंधाचा आधार घेतला आणि सिनेमाच्या इतिहासकारांनी रोझेला आपल्या पूर्वजांत बसवले. डोळा आणि मेंदू यांच्याविषयीचे त्याचे ते स्पष्टीकरण आज शास्त्रज्ञ तसेच्या तसे मानत नाहीत. पण नजर केवढी तीक्ष्ण होती, ते कळते.

या सगळ्या काळात घरावर आघात होतच होते. मामा सर सॅम्युअल रोमिली हे त्याला बापाच्या जागी. पोटासाठी केलेल्या चोरीलाही फाशी देणारे कायदे बदलावेत म्हणून पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षे झगडलेला हा माणूस. १८१८ च्या ऑक्टोबरअखेर त्यांची पत्नी वारली आणि चारच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्यांनी स्वतःचा गळा चिरून घेतला. त्यांच्यावर लक्ष ठेवायला थांबलेल्या डॉक्टरांत रोझे होता. १८२४ मध्ये लिव्हरपूलच्या मेरी हॉबसनशी त्याचे लग्न झाले. नऊ वर्षांत दोन मुले मागे ठेवून तीही कर्करोगाने गेली.

१८२७ ते १८४८ अशी एकवीस वर्षे रोझे रॉयल सोसायटीचा सचिव होता. इतरांनी लिहिलेले शोधनिबंध वाचणे, त्यांचे सार काढणे, नेमक्या शब्दांत टिपणे, हे त्याचे रोजचे काम. फॅरेडे, हर्शेल यांच्या पिढीचे सारे विज्ञान त्याच्या टेबलावरून गेले. कल्पना नवी आहे आणि तिला शब्द सापडत नाही, ही अडचण त्याने या खुर्चीत बसून जितकी पाहिली तितकी फार थोड्यांनी पाहिली असेल. १८४८ मध्ये सचिवपद सुटले आणि एकोणसत्तर वर्षांच्या रोझेने जुनी वही बाहेर काढली.

समानार्थी शब्दांची पुस्तके त्याच्या आधी इंग्रजीत नव्हती असे नाही. डॉ. जॉन्सन यांची स्नेही हेस्टर पिओझी हिने १७९४ मध्ये एक लिहिले होते, १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब याने दुसरे. या पुस्तकांत दोनतीन जवळचे शब्द घेऊन त्यांच्यातला बारीक फरक समजावलेला असे. हा शब्द दिवाणखान्यात शोभतो, तो नाही, अशा थाटात. रोझेने ही वाटच सोडली. त्याच्या पुस्तकात एकाही शब्दाची व्याख्या नाही. फरक सांगण्याच्या वादात मी पडणार नाही, असे तो प्रस्तावनेत स्पष्ट म्हणतो. शब्दकोशात शब्द हातात असतो आणि अर्थ शोधायचा असतो. माझ्या पुस्तकात अर्थ मनात आहे आणि शब्द शोधायचा आहे, ही त्याची भूमिका. शब्द समोर आला की वाचणारा त्याला ओळखेल, कारण तो शब्द त्याला माहीतच आहे, फक्त ऐनवेळी आठवत नाही, हे रोझेने गृहीत धरले होते.

त्यासाठी त्याने माणसाच्या साऱ्या विचारांचे सहा वर्ग केले: अमूर्त संबंध, अवकाश, पदार्थ, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. त्यांच्या पोटात विभाग, त्यांच्या पोटात एकंदर १००० शीर्षके. पहिले शीर्षक अस्तित्व, हजारावे देऊळ. प्रत्येक शीर्षकाखाली आधी नामे, मग क्रियापदे, विशेषणे, क्रियाविशेषणे आणि वाक्प्रचार. पानावर दोन रकाने. डावीकडे एक कल्पना, उजवीकडे तिची विरोधी. १५९ वर बळ, तर समोर १६० वर दुबळेपणा. काही कल्पनांना मधला टप्पाही असतो, म्हणून आरंभ, मध्य आणि अंत असे तिघे एकत्र. विरोध एकपदरी नसतो हेही त्याने हेरले होते. देण्याच्या समोर घेणे येते आणि मिळणेही येते. ही रचना उभी करताना त्याच्या डोळ्यांपुढे बिशप जॉन विल्किन्स होता, ज्याने १६६८ मध्ये जगातल्या सर्व वस्तू आणि कल्पनांची वर्गवारी करून त्यावर एक विश्वभाषा बांधण्याचा प्रयत्न केला होता. आपल्या वर्गवारीतून एक दिवस सर्व माणसांची एक भाषा निघेल आणि राष्ट्राराष्ट्रांतील वैर कमी होईल, अशी आशा रोझेनेही मनापासून बाळगली होती. नेपोलियनच्या शिपायांना चुकवून पळालेल्या माणसाची आशा ती.

आणखी एक पूर्वसुरी त्याला उशिरा कळला. प्रस्तावनेच्या तळटीपेत तो अमरकोशाचा उल्लेख करतो. संस्कृतचा इंग्रज अभ्यासक कोलब्रुक याने इंग्रजी अर्थांसह तयार केलेला अमरकोश १८०८ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला होता. रोझेने तो पाहिला आणि नाक मुरडले. स्वर्ग, देव, दैत्य, अग्नी, वायू, वेग हे सगळे एकाच वर्गात कसे? पाप, पुण्य, बुद्धी, रंग, वास यांची एकाच वर्गात सरमिसळ कशी? समुद्र, भूमी, नगरे, वनस्पती, प्राणी यांचे वर्ग मात्र त्याला तर्कशुद्ध वाटले आणि इतक्या जुन्या काळात असा प्रयत्न झाला याचे त्याने कौतुकही केले. त्याची टीका मला अर्धीच पटते. अमरसिंहाचा कोश पानावर पाहायचा नव्हता, तो तोंडपाठ करायचा होता. अनुष्टुभाच्या चालीवर पोर घोकत जाई आणि शब्दामागून शब्द जिभेवर येई. तिथला क्रम कानासाठी आणि स्मरणासाठी लावलेला. रोझेचा क्रम डोळ्यासाठी. पण अर्थाला अर्थ लावून शब्द ठेवायचे ही मूळ कल्पना दोघांची एकच, आणि ती आपल्याकडे हजाराहून अधिक वर्षे आधी अमलात आली होती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला राज्यव्यवहारकोशही याच परंपरेतला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देताना त्यात राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग केले आहेत.

लाँगमन कंपनीने १८५२ मध्ये थिसॉरसच्या १००० प्रती छापल्या, किंमत १४ शिलिंग. पुस्तक महाग होते, तरी पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती काढावी लागली. १८५४ मध्ये बॉस्टनच्या बार्नस सीअर्स यांनी अमेरिकन आवृत्ती काढली आणि तिच्यातून वाक्प्रचार गाळून टाकले. रोझेने १८५५ च्या आवृत्तीत या मोडतोडीबद्दल उघड नाराजी नोंदवली. त्याचे बरोबरच होते. लोकांच्या तोंडचे बोलणे काढले तर उरते ते शाळेतले इंग्रजी. १२ सप्टेंबर १८६९ रोजी वेस्ट मॉलव्हर्न येथे, नव्वदी पार करून, तो वारला. तोवर पुस्तक पंचवीसहून अधिक वेळा छापले गेले होते आणि त्याच्या स्वतःच्या प्रतीचे समास नव्या शब्दांनी भरून गेले होते.

त्या समासांतले शब्द घेऊन मुलगा जॉन लुईस रोझे याने १८७९ ची आवृत्ती सिद्ध केली. इथे पुस्तकाची दिशा बदलली. वडिलांनी शेवटी एक अकारविल्हे सूची जोडली होती, पण खरी वाट वर्गांची, असे त्यांना वाटे. मुलाने पाहिले की जवळजवळ प्रत्येक जण आधी सूचीच उघडतो. त्याने ती कितीतरी वाढवली. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचा होता आणि त्यामुळेच पुस्तक तगले. मात्र त्या दिवसापासून वाचणारा अर्थ घेऊन येईनासा झाला. तो एक शब्द घेऊन येऊ लागला आणि त्याच्या बदल्यात दुसरा मागू लागला. नंतरच्या आवृत्त्यांतून समोरासमोरचे रकानेही गेले. १९२० च्या दशकात अमेरिकेत शब्दकोड्यांचे वेड पसरले आणि थिसॉरसचा खप वाढला. कोडे सोडवणाऱ्याला अर्थाची पर्वा नसते, त्याला सात अक्षरे हवी असतात. नातू सॅम्युअल रोमिली रोझे याने १९२५ आणि १९३६ मध्ये आवृत्त्या काढल्या आणि १९५२ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, घराण्याचे हक्क लाँगमनला विकले.

२००१ मध्ये सायमन विंचेस्टर या लेखकाने अमेरिकेतल्या 'अटलांटिक' मासिकात रोझेवर कडक टीका केली. अर्थ न सांगता शब्दांचे ढीग समोर टाकल्यामुळे लिहिणारे आळशी झाले, न समजलेला भारी शब्द उचलू लागले, असा त्याचा रोख. विद्यार्थ्यांचे निबंध ज्यांनी तपासले आहेत त्यांना त्याचे दुःख समजेल. पण दोष रोझेच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. भाषा येणाऱ्याच्या आठवणीला मदत म्हणून केलेले पुस्तक भाषा न येणाऱ्याच्या हाती दुकानासारखे दिले गेले, हे प्रकाशकांचे आणि शाळांचे काम. रोझेच्या शीर्षकाखालचा पूर्ण परिच्छेद वाचून पाहा. एका कल्पनेच्या किती छटा आहेत, ती कुठे संपते आणि शेजारची कुठे सुरू होते, हे दिसत जाते. तेवढा वेळ दिला तर पुस्तक आजही विचार करायला लावते.

हे यंत्राच्या दुनियेतल्या लोकांनी लवकर ओळखले. १९५० च्या दशकात केंब्रिजला मार्गारेट मास्टरमन यांनी संगणकाला भाषांतर शिकवण्यासाठी रोझेची शीर्षके वापरायला घेतली आणि त्यांच्या गटातल्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९६४ मध्ये समानार्थतेवर प्रबंध लिहिला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात अर्थगटांनी बांधलेले वर्डनेट झाले आणि त्या धर्तीवर पवईच्या आयआयटीत हिंदी व मराठीची शब्दजाळी तयार झाली.

पण रोझेचा खरा वारस मला एका माणसात दिसतो. अरविंद कुमार हे मुंबईच्या 'माधुरी' या हिंदी सिनेपत्रिकेचे संपादक होते. लहानपणी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेले. विशीत त्यांच्या हाती रोझेचे पुस्तक पडले आणि हिंदीत असे कुणीतरी करील म्हणून ते वीस वर्षे वाट पाहत राहिले. १९७३ च्या डिसेंबरात त्यांनी ठरवले की ते आपणच करायचे. १९ एप्रिल १९७६ रोजी नाशिकला, गोदावरीत स्नान करून, त्यांनी आणि पत्नी कुसुम कुमार यांनी कामाला आरंभ केला. १९७८ मध्ये चांगली नोकरी सोडून कुटुंब दिल्लीला गेले. तिथे पुराचा तडाखा बसला, पैशाची ओढाताण झाली, तरी कार्डांवर शब्द लिहिणे थांबले नाही. रोझेचे वर्ग त्यांनी लावून पाहिले, ते हिंदी जीवनाला बसेनात. अमरकोशाचे पाहिले, तर त्यात माणसांचे शब्द ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र अशा वर्गांत वाटलेले. शेवटी त्यांनी स्वतःची रचना केली. १९९६ च्या डिसेंबरात नॅशनल बुक ट्रस्टने दोन खंडांत 'समांतर कोश' प्रसिद्ध केला. रोझेच्या मानाने वेळ कमी लागला, पण एका संसाराची वीस वर्षे त्यात गेली.

मराठीत असा कोश करायचा तर सामग्री तयार आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, १९५० मध्ये पुरवणी आली. त्यात शेतकऱ्याचे कुळव, पाभर, तिफण आहेत, कोळ्यांचे रापण आणि डोल आहेत, पण अकारविल्हे क्रमात ते एकमेकांपासून दूर पडले आहेत. ज्यांना भाषेची आस्था आहे अशा शिक्षकांनी, निवृत्तांनी, गावोगावच्या वाचनालयांनी आपापल्या परिसरातला एकेक विषय घ्यावा आणि त्याचे शब्द अर्थाच्या क्रमाने एका वहीत लावायला सुरुवात करावी. औत-अवजारे, पाऊस, स्वयंपाक, नातीगोती, राग, कंटाळा, काहीही. ज्यांच्या तोंडी हे शब्द अजून आहेत ती माणसे म्हातारी होत आहेत. म्हणून हे काम याच वर्षी हाती घ्यावे, ही कळकळीची विनंती.